सूर्य, बॅटरी आणि हौदाचे गणित

अंकगणिताच्या पुस्तकातील हौद आणि नळ ह्यांची उदाहरणे कोणास आठवत नाहीत? एका नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्याने आठ तासांत भरतो आणि तळाच्या मोरीने तो बारा तासांत रिकामा होतो. तिन्ही एकदम उघडी ठेवल्यास हौद किती वेळात भरेल? शाळेत असताना ही उदाहरणे सोडविताना आम्हांस नेहमी वाटे की, हौद भरत असता तळाची मोरी उघडी ठेवणारा असा वेडा मनुष्य जगात असेल तरी कोण? पुढे पुष्कळ वर्षांनी तो मनुष्य आम्हांस भेटला. तो म्हणजे आम्हीच. आमचा हौद मात्र पाण्याचा नव्हता. तो विजेचा होता, आणि त्यास भरणारा नळ होता आमच्या गच्चीवरचे ऊन.

ती हकीकत आधी सांगतो व मग गणिताकडे वळतो. कारण हकीकत ऐकल्यावाचून ह्या गणिताची निकड विद्यार्थी मित्रांच्या ध्यानात यावयाची नाही.

हैदराबादेतील आमच्या घराच्या गच्चीवर आम्ही सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी दोन पॅनेल बसविली होती. प्रत्येक पॅनेल १६५ वॅटचे, म्हणजे दोन्ही मिळून ३३० वॅट. खाली जिन्यापाशी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची, शिसे व आम्ल असलेली एक बॅटरी होती. तिच्या जोडीला इन्व्हर्टर. एवढा खटाटोप करण्याचे कारण आमच्या मातोश्री. रात्री झोपताना त्यांस श्वासोच्छ्वासास साहाय्य करणारे बायपॅप नावाचे यंत्र नाकावर लावावे लागे. ते विजेवर चालते. वीज गेली की यंत्र थांबते, आणि यंत्र थांबले की आईस उठून बसावे लागते. सौर यंत्रणा विकणाऱ्या गृहस्थाने आम्हांस सांगितले होते, "साहेब, ऊन असले म्हणजे तीन-साडेतीन तासांत बॅटरी भरते. हिरवा दिवा लागला की भरली असे समजा." आम्ही तसेच समजलो.

२०२० सालच्या ऑक्टोबर महिन्यात १३ व १४ तारखेस हैदराबादेवर जी अतिवृष्टी झाली, ती शहरातील लोक अद्याप विसरलेले नाहीत. वस्त्यावस्त्यांत पाणी शिरले आणि हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले. १९०८ सालच्या सप्टेंबरात मुसी नदीस आलेल्या महापुराच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या. त्यांची त्या रात्री सर्वांस आठवण झाली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी आले आणि मीटरच्या पेटीपर्यंत ते चढू लागल्यामुळे १३ तारखेस रात्री दहाच्या सुमारास साऱ्या इमारतीची वीज बंद करावी लागली. हे योग्यच होते. आम्ही निश्चिंत होतो. आमची बॅटरी भरलेली होती. आईचे यंत्र चालू होते, डोक्यावर पंखाही फिरत होता.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलेच होते. मधूनमधून फिकट ऊन पडे. दुपारी दोन वाजता पाहिले तो नियंत्रकावरचा हिरवा दिवा लागलेला. आम्ही आईस म्हणालो, "आई, आजची रात्रही काळजी नाही." संध्याकाळी दिवा लावला, पंखा लावला, रात्री दहाला यंत्र लावले. रात्री अडीचच्या सुमारास इन्व्हर्टर केकाटू लागला आणि काही क्षणांत सारे बंद पडले. आई उठून बसल्या. त्या तशाच पहाटेपर्यंत भिंतीस टेकून बसल्या होत्या आणि आम्ही आळीपाळीने वर्तमानपत्राने वारा घालीत होतो. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणेच आम्हांस अधिक लागले.

सकाळी आमची नववीत शिकणारी मुलगी म्हणाली, "बाबा, हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी भरली, हे ठरविले कोणी?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग ती वही घेऊन बसली, आम्हीही तिच्याशेजारी बसलो, आणि तीन तासांच्या त्या वचनाची आम्ही दोघांनी मिळून चिरफाड केली. तेच गणित आता वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम परिमाणे नीट समजून घेऊ. व्होल्ट हे विजेच्या दाबाचे माप, अँपिअर हे प्रवाहाचे माप. दाब व प्रवाह ह्यांचा गुणाकार म्हणजे वॅट, अर्थात शक्ती. एक अँपिअरचा प्रवाह एक तास वाहिला तर जेवढी वीज वाहून जाते तिला एक अँपिअर-तास म्हणतात. आमच्या बॅटरीवर १५० अँपिअर-तास असे लिहिले होते. म्हणजे हौदाची क्षमता १५०. तीच ऊर्जेच्या भाषेत सांगावयाची तर १२ गुणिले १५० बरोबर १,८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट. घरी येणाऱ्या विजेच्या बिलात जे युनिट असते तेच हे: १,००० वॅट-तासांचे एक युनिट. एवढी जड बॅटरी, आणि तिच्या पोटात दोन युनिटही वीज नाही, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटते. परंतु खरे आहे.

आता खर्च पाहू. आईचे यंत्र ५० वॅटचे, छताचा पंखा ७० वॅटचा. दोन्ही मिळून १२० वॅट. रात्री दहा ते सकाळी सहा असे आठ तास. १२० गुणिले ८ बरोबर ९६० वॅट-तास. परंतु बॅटरीतील वीज एकदिश असते आणि पंखा चालतो प्रत्यावर्ती विजेवर. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो आणि त्याची मजुरी म्हणून काही वीज उष्णतेच्या रूपाने स्वतः खातो. आपल्यापर्यंत शंभरांतील सुमारे ८५ पोहोचतात असे धरू. म्हणून ९६० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे १,१३० वॅट-तास बॅटरीतून जातात. त्यास १२ ने भागले की ९४ अँपिअर-तास. पहिल्या एका रात्रीत आमच्या १५० च्या हौदातून ९४ गेले होते. सकाळी उरले ५६.

आता भरण्याचा प्रश्न. विक्रेत्याचे गणित येणेप्रमाणे होते: ३३० वॅट भागिले १२ व्होल्ट बरोबर २७.५ अँपिअर. ९४ भागिले २७.५ बरोबर सुमारे ३.४ तास. सकाळी दहास आरंभ केला तर दीड वाजेपर्यंत बॅटरी भरली पाहिजे. भागाकारात चूक नाही. तरीही उत्तर चुकीचे आहे; कारण ह्या भागाकारात पाच गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि त्या पाचही खऱ्या नाहीत.

पहिली गोष्ट प्रवाहाची. १६५ वॅटचे पॅनेल आपली पूर्ण शक्ती देते ती १२ व्होल्टवर नव्हे, तर साधारण १८ व्होल्टच्या दाबावर. १६५ भागिले १८, म्हणजे ९.२ अँपिअर इतकाच त्याचा प्रवाह. पॅनेल व बॅटरी ह्यांच्या मध्ये चार्ज कंट्रोलर नावाचा नियंत्रक असतो. त्याचे दोन प्रकार बाजारात मिळतात. पीडब्ल्यूएम जातीचा साधा नियंत्रक पॅनेलला बॅटरीच्या दाबावर ओढून आणतो आणि प्रवाह आहे तेवढाच पुढे सोडतो. १८ आणि १३ व्होल्टमधला फरक वाया जातो. एमपीपीटी जातीचा महाग नियंत्रक त्या जादा दाबाचे प्रवाहात रूपांतर करतो आणि म्हणून अधिक अँपिअर देतो. आमचा नियंत्रक साधा होता. दोन पॅनेलांचे मिळून १८.३ अँपिअर; त्यातून काचेवरची धूळ व तारांतील घट ह्यांसाठी एक दशांश वजा केला की १६.५ अँपिअर. कागदावरचे २७.५ येथेच १६.५ वर आले.

दुसरी गोष्ट तासांची. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतील एका ठरावीक स्थितीचे असतात: दर चौरस मीटरवर १,००० वॅट इतका प्रकाश आणि पॅनेलमधील घटांचे तपमान २५ अंश सेल्सियस. असा प्रखर प्रकाश सकाळी आठ वाजता नसतो व संध्याकाळी पाच वाजताही नसतो. म्हणून दिवसभराचे कमीअधिक ऊन एकत्र करून ते पूर्ण प्रखर उन्हाच्या किती तासांबरोबर आहे, हे काढतात. त्यास आपण 'पूर्ण उन्हाचे तास' म्हणू. हैदराबाद सुमारे १७.४ अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर आहे. मे महिन्याच्या ९ तारखेस व ऑगस्टच्या ३ तारखेस, ह्यांच्या आसपास, मध्यान्ही सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आपल्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या पटांगणात हा प्रयोग अवश्य करून पाहावा. अशा ह्या आपल्या शहरास वर्षाच्या सरासरीने दिवसाकाठी पूर्ण उन्हाचे पाच ते साडेपाच तास मिळतात. उन्हाळ्यात ते सहाच्या वर जातात. पावसाळ्यात कमी होतात. आणि आभाळ दाट भरून आले की दोन तासही पुरते मिळत नाहीत. घड्याळाचे बारा तास दिवस असतो, पण बॅटरीच्या दृष्टीने तो पाचच तासांचा असतो, हे सूत्र पाठ करून ठेवण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट बॅटरीच्या स्वभावाची. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते ह्याने १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची व सौम्य गंधकाम्लाची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी बनविली. आज आपल्या इन्व्हर्टरखाली असते ती तिचीच नात-पणती. ही बॅटरी जेवढी वीज घेते तेवढी सगळी परत देत नाही. काही वीज उष्णतेत जाते, काही पाण्याचे विघटन करण्यात जाते. म्हणून जितके अँपिअर-तास बाहेर काढले असतील त्याहून सुमारे एक पंचमांश अधिक आत घालावे लागतात असे धरण्याचा प्रघात आहे. अर्थात ९४ खर्च झाले असतील तर ९४ गुणिले १.२, म्हणजे सुमारे ११३ भरले पाहिजेत. हौदास थोडी गळती आहे असे समजा.

चौथी गोष्ट शेवटच्या घोटाची. रिकामी बॅटरी आरंभी प्रवाह आनंदाने घेते. पण सुमारे चार पंचमांश भरली की तिचा दाब वाढतो. मग नियंत्रक तो दाब १४.४ व्होल्टच्या आसपास स्थिर धरतो आणि प्रवाह हळूहळू कमी करीत नेतो. न करील तर आम्ल उकळल्यासारखे होऊन वायू सुटतील व बॅटरीतील पाणी आटेल. भरलेल्या डब्यात शेवटचे मूठभर धान्य घालताना आपण जसे डबा आपटीत, थांबत थांबत घालतो, तसेच हे. म्हणून शेवटचा पाचवा भाग भरण्यास त्याच्या वाट्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. पॅनेल वाढविली म्हणजे बॅटरी हवी तितकी लवकर भरेल, हा समजही बरोबर नाही. अशा बॅटरीस तिच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्श्याएवढा प्रवाह मानवतो. १५० च्या बॅटरीस १५ अँपिअर, फार तर थोडे अधिक.

पाचवी गोष्ट म्हणजे तळाची मोरी. बॅटरी भरत असता घरात पंखा चालूच असेल तर त्याची वीज त्याच प्रवाहातून जाते. आणि येथे एक सूक्ष्म भेद आहे: येणारी वीज मोजावयाची पूर्ण उन्हाच्या तासांनी, पण जाणारी वीज मोजावयाची घड्याळाच्या तासांनी. ७० वॅटचा पंखा दिवसा आठ तास चालला तर ५६० वॅट-तास, ०.८५ ने व मग १२ ने भागून ५५ अँपिअर-तास. चांगल्या उन्हाच्या पाच तासांत १६.५ च्या हिशेबाने एकूण मिळणार ८२. त्यांतील ५५ पंख्याने नेले तर बॅटरीस राहिले काय? २७, आणि गळती वजा जाता सुमारे २२. हौद भरताना मोरी उघडी ठेवणारा मनुष्य तो हा!

आता १४ तारखेचे खरे गणित मांडू. त्या दिवशी ढगांमुळे पूर्ण उन्हाचे दोन तास मिळाले असे धरू. २ गुणिले १६.५ बरोबर ३३, १.२ ने भागून सुमारे २७. सकाळच्या ५६ मध्ये २७ मिळवून ८३ झाले. संध्याकाळी सात ते दहा दिवा व पंखा मिळून ८० वॅट चालले. त्यांत गेले सुमारे २३. रात्री दहा वाजता उरले ६०. पुढे यंत्र व पंखा मिळून ताशी सुमारे १२ अँपिअर-तास जाऊ लागले. साडेचार तासांत ५३ गेले, आणि अडीच वाजता बॅटरीने हात टेकले. मुलीने हे उत्तर काढून वहीवर अडीचला गोल केला तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. जे आदल्या दिवशी दुपारी कागदावर दिसू शकले असते ते आम्ही रात्री अंधारात पाहिले होते.

मग हिरव्या दिव्याचे काय? त्या दिव्यास बॅटरीचा दाब कळतो, तिच्या पोटात किती वीज आहे हे कळत नाही. बॅटरी भरत असताना तिचा दाब वर चढलेला दिसतो. प्रवाह थांबला की तो पुन्हा खाली उतरतो. ताप आलेल्या मुलाच्या गालांवरील लाली पाहून त्यास सुदृढ म्हणण्यापैकीच हा प्रकार. खरी स्थिती पाहावयाची असेल तर बॅटरी काही तास भरणे व खर्च करणे दोन्ही बंद ठेवून मग व्होल्टमापकाने पाहावे: सुमारे १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१ ते १२.२ म्हणजे अर्धी. त्याहून चांगला उपाय म्हणजे आम्लाची घनता मोजणारा काचेचा हायड्रोमीटर. बॅटरी भरत जाते तसतसे आम्ल दाट होत जाते व त्यातील तरंगणारा काटा वर येतो. परंतु हे काम वडील माणसांनी, हातमोजे व चष्मा घालून करावे; आम्ल अंगावर उडाले तर जखम होते.

आता तिसऱ्या दिवसाकडे वळू. इमारतीची वीज त्या दिवशीही येण्याची चिन्हे नव्हती. ऊन मात्र पडले होते. बॅटरीत उरले होते फक्त ७. म्हणजे भरावयाचे १४३. त्यास १.२ ने गुणून १७२. १७२ भागिले १६.५ बरोबर १०.४ पूर्ण उन्हाचे तास. हवा पावसाळी असल्यामुळे आम्ही दिवसाकाठी साडेचार तास धरले. म्हणजे बॅटरी पूर्ण भरण्यास सव्वादोन दिवसांहून अधिक काळ लागणार, आणि शेवटच्या घोटाचा विलंब त्यावर वेगळा! कोठे ते तीन तास आणि कोठे हे तीन दिवस!

परंतु त्या दिवशीचा प्रश्न बॅटरी पूर्ण केव्हा भरेल हा नव्हताच. प्रश्न हा होता की, आज रात्री आई झोपू शकतील काय? मुलीने गणित उलटे मांडले. दिवसभर घरातील सारे बंद ठेवले तर साडेचार गुणिले १६.५ बरोबर ७४, १.२ ने भागून ६२. त्यांत शिल्लक ७ मिळवून संध्याकाळी ६९. यंत्र व पंखा दोन्ही लावले तर रात्रीस ९४ लागतात. ते शक्य नाही. केवळ यंत्र लावले तर ५० गुणिले ८ बरोबर ४०० वॅट-तास, ०.८५ ने व १२ ने भागून ३९. नऊ वॅटचा एक दिवा तीन तास, त्याचे सुमारे ३. एकूण ४२. ६९ मधून ४२ वजा जाता २७ उरतात. "बाबा, यंत्र चालेल. पंखा नाही," असे तिने सांगितले.

गृहिणींनी त्या दिवशी मिक्सरास हात लावला नाही. भ्रमणध्वनी बंद ठेवले. आम्ही गच्चीवर जाऊन पावसाने वाहून आलेला पाला व चिखल पॅनेलवरून पुसून काढला. रात्री दहास यंत्र सुरू केले. झोप आम्हांस कोठली येणार! अडीच वाजले, तीन वाजले. यंत्राचा तो मंद सुस्कारा चालूच होता. सकाळी सहा वाजता आई जाग्या झाल्या आणि नातीस म्हणाल्या, "काल उकडले खरे, पण झोप लागली बाई." आमच्या घरात गणित ह्या विषयास त्या दिवसापासून जो मान मिळाला आहे, तो परीक्षेतील गुणांनी कधी मिळाला नव्हता. बॅटरी इतकी खाली नेणे तिच्या आयुष्यास हितावह नसते. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज नेहमी नेहमी काढू नये हाच नियम. परंतु त्या रात्री प्रश्न बॅटरीच्या आयुष्याचा नव्हता.

ह्या विद्येचा इतिहासही थोडक्यात सांगितला पाहिजे. प्रकाशामुळे विद्युत् उत्पन्न होऊ शकते हे एदमों बेकरेल ह्या फ्रेंच तरुणाने १८३९ मध्ये दाखविले. परंतु उपयोगात आणता येईल असा सिलिकनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन ह्या तिघांनी १९५४ मध्ये तयार केला. पडलेल्या उन्हापैकी शेकडा सहा भाग तो विजेत बदलू शके. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेल शेकडा वीस व त्याहून अधिक भाग बदलतात. एके काळी हैदराबादेत वीज म्हणजे हुसेनसागराच्या काठचे, निजामाच्या राजवटीत उभे राहिलेले, कोळशाचे वीजकेंद्र. ते आता नाही. आज ज्याच्या त्याच्या गच्चीवर एक लहानसे वीजकेंद्र बसू शकते, ही मोठीच क्रांती होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. एक कोटी घरांवर सौर यंत्रणा बसविण्याचे तिचे उद्दिष्ट असून तीन किलोवॅट व त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेस ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलेले आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य केली पाहिजे. सरकारी तारांशी जोडलेली पण बॅटरी नसलेली सौर यंत्रणा, वीज गेली की भर उन्हातही आपोआप बंद होते. तारांवर काम करणाऱ्या कामगारास आपल्या गच्चीवरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तशी योजना मुद्दाम केलेली असते. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी "पॅनेल बसविले, आता वीज गेली तरी चिंता नाही" असे समजू नये. बॅटरी हवी, आणि तिचे गणितही हवे. शिवाय यंत्र बंद पडल्यास काय करावयाचे, हे डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या घरोघर येऊ लागल्या आहेत. लिथियम बॅटरीच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्यांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या बॅटरीत गळती फार थोडी, १.२ च्या जागी १.०५ धरले तरी चालते. तिच्यातील वीज शेकडा ८० पर्यंत काढता येते आणि शेवटच्या घोटासही ती फारसा वेळ घेत नाही. किंमत मात्र अधिक. परंतु बॅटरी कोणतीही असो, गणिताची रीत तीच राहते.

ती रीत थोडक्यात अशी:

पहिली पायरी: खर्च झालेले अँपिअर-तास काढा. वॅट गुणिले तास, भागिले ०.८५, भागिले बॅटरीचे व्होल्ट.

दुसरी पायरी: शिशाच्या बॅटरीसाठी त्यास १.२ ने गुणा.

तिसरी पायरी: भरत असताना घरात जे चालू राहणार असेल त्याचे अँपिअर-तास, घड्याळाच्या तासांनी काढून, त्यांत मिळवा.

चौथी पायरी: पॅनेलचा खरा प्रवाह काढा. साध्या नियंत्रकासाठी वॅट भागिले १८, आणि त्यातून एक दशांश वजा.

पाचवी पायरी: तिसऱ्या पायरीच्या उत्तरास चौथीच्या उत्तराने भागा. आले ते पूर्ण उन्हाचे तास. त्यास त्या ऋतूतील दिवसाच्या उन्हाच्या तासांनी भागले की दिवस. शेवटच्या घोटासाठी थोडा काळ वर धरा.

वाचकांनी एक उदाहरण स्वतः करून पाहावे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी, १६५ वॅटचे एकच पॅनेल व साधा नियंत्रक आहे. रात्री ४० अँपिअर-तास खर्च झाले. दिवसा ३० वॅटचा एक पंखा सहा तास चालतो. बॅटरी भरण्यास पूर्ण उन्हाचे किती तास लागतील? (उत्तर: सुमारे ८ तास, म्हणजे पाच तासांच्या दिवशी ती त्याच संध्याकाळी भरावयाची नाही. पंखा बंद ठेवल्यास सुमारे ५.८ तास.)

आमच्या घरी आता नियंत्रकाशेजारी खिळ्यास एक वही टांगलेली असते. रोज संध्याकाळी तीत तीन आकडे लिहिले जातात: आज ऊन किती, आले किती, गेले किती. हिरवा दिवा पूर्वीप्रमाणेच लागतो. आम्ही त्याच्याकडे पाहतो, पण विश्वास वहीवर ठेवतो. विद्यार्थी मित्रांनो, हौदाची ती जुनी उदाहरणे कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका. तुमच्याही घरी एखाद्या रात्री कोणाची तरी झोप त्यांच्यावर अवलंबून असू शकेल.